शिडाची काठी आणि खलाशाची झोप

वसंतातल्या संध्याकाळी व्याख्यानांना नेमाने येणाऱ्या मंडळींना मांडवाच्या कनातीचा स्वभाव चांगला ठाऊक असतो. वारा सुटला की ती फडफडू लागते. आत फुगते, बाहेर फुगते, मध्येच लोळागोळा होऊन खांबाला बिलगते आणि वक्त्याची दोन वाक्ये गिळून टाकते. मग कार्यकर्त्यांपैकी कोणीतरी उठतो, एक बांबू आणतो, कनातीच्या मोकळ्या कोपऱ्याला लावून तो बाहेर रेटतो आणि बुंधा जमिनीत रोवतो. वारा तोच, कापडही तेच. परंतु आता ते वाऱ्याने भरून डौलात तणते आणि गप्प बसते. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, ती वस्तू म्हणजे हाच बांबू. फरक इतकाच की हा बांबू एका लहानशा होडीवर, किनाऱ्यापासून हजार मैलांवर, एकट्या माणसाने उभा केलेला आहे.

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सिंहासने डोळ्यांपुढे येतात. सागराचा इतिहास म्हटला तर कोलंबस आणि वास्को द गामा. एका काठीला इतिहासात जागा कोण देणार? परंतु आमचे म्हणणे असे की, माणसाच्या कष्टांचा खरा हिशेब अशा काठ्यांनीच लिहिलेला असतो. ह्या काठीने एकट्या खलाशाला समुद्रावर जी गोष्ट मिळवून दिली, ती कोणत्याही राजाला देता आली नसती. ती गोष्ट म्हणजे झोप.

प्रथम थोडे शिडांविषयी बोलू, म्हणजे पुढचे समजणे सोपे जाईल. लहान नौकेला साधारणपणे एक डोलकाठी असते आणि दोन शिडे असतात. डोलकाठीच्या मागे असते ते मोठे शीड. त्याच्या खालच्या कडेला एक आडवा वासा असतो. डोलकाठीच्या पुढे, नौकेच्या नाकाकडे ताणलेल्या दोरावर जे त्रिकोणी शीड चढते, त्याला जिब म्हणतात. जिबला वासा नसतो. तिचा मागचा खालचा कोपरा मोकळा असतो आणि तो केवळ एका दोराने आवरून धरलेला असतो. वारा बाजूने किंवा थोडा समोरून येत असेल, तेव्हा ही दोन शिडे जोडीने उत्तम काम करतात.

आता वारा नेमका पाठीमागून येऊ लागला असे समजा. सामान्य माणसाला वाटेल की खलाशाला ह्याहून मोठे सुख ते कोणते! वारा पाठीशी म्हणजे सारेच अनुकूल. पण लहान नौकेवर हाच वारा सर्वांत अवघड. मोठे शीड एका अंगाला पसरते आणि पाठीमागचा सगळा वारा अडवून बसते. त्याच्या आडोशाला सापडलेली जिब मग आपल्या कनातीसारखी लोंबू लागते. फुगते, मिटते, दोराला हिसके देते. इकडे सारी ओढ एकाच अंगाला पडल्यामुळे नौकेचे नाक सारखे दुसऱ्या अंगाला वळू पाहते. सुकाणूवरच्या माणसाने क्षणभर डुलकी घेतली आणि वारा मोठ्या शिडाच्या चुकीच्या बाजूने शिरला, तर तो जड वासा साऱ्या नौकेवरून सणसणत दुसऱ्या टोकाला जातो. वाटेत माणसाचे डोके आले तर तेही नेतो. अशा रीतीने किती माणसे समुद्रात गेली, ह्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

ही अडचण जुनी आहे. कोलंबस १४९२ मध्ये निघाला, तेव्हा त्याच्या तीन जहाजांपैकी ‘नीन्या’ ह्या जहाजाला त्रिकोणी शिडे होती. आपल्या कोकणातल्या गलबतांना तिरक्या काठीवर शीड असे, त्याच कुळातली ही शिडे. कॅनरी बेटांवर पोहोचल्यावर कोलंबसाने ती उतरवून नीन्याला चौकोनी शिडे चढवली. कारण उघड होते. पुढच्या वाटेवर ईशान्येचे व्यापारी वारे दिवसेंदिवस पाठीमागून वाहणार होते. आणि पाठीमागच्या वाऱ्याला डोलकाठीच्या दोन्ही अंगांना सारखे पसरलेले चौकोनी शीडच खरे मानवते. कोलंबसाजवळ सुतार होते, माणसे होती आणि बंदर होते, म्हणून त्याला हा बदल करता आला. ज्याच्याजवळ तीसेक फुटांची नौका आणि स्वतःचे दोन हात एवढीच सामग्री आहे, त्याने काय करावे?

त्याने काठी घ्यावी, हे ह्या प्रश्नाचे उत्तर. काठीचे एक टोक डोलकाठीला बसवलेल्या कडीत अडकवायचे आणि दुसऱ्या टोकाने जिबचा मोकळा कोपरा मोठ्या शिडाच्या विरुद्ध अंगाला, आडोशाच्या बाहेर, स्वच्छ वाऱ्यात रेटून धरायचा. नौका मग पंख पसरलेल्या बगळ्यासारखी दिसू लागते. एक पंख डावीकडे, एक उजवीकडे. ऐकायला हे सोपे आहे. परंतु हलत्या, ओल्या, झुलत्या फळ्यांवर माणसाहून दुप्पट लांबीची काठी हाताळणे सोपे नव्हे, आणि म्हणूनच जाणत्या खलाशांनी ह्या कामाचा एक क्रम घालून दिला. प्रथम मोठ्या शिडाचा वासा दोराने पुढच्या बाजूला पक्का जखडायचा, म्हणजे तो अचानक फिरणार नाही. मग जिबचा दोर काठीच्या बाहेरच्या टोकातून ओवून घ्यायचा. काठीला वर उचलून धरणारा एक दोर डोलकाठीवरून आणायचा. तिला पुढे आणि खाली आवरणारा दुसरा दोर नौकेच्या नाकाशी बांधायचा. ह्या दोरांनी काठी जागच्या जागी स्थिर झाली, म्हणजे मगच मागे सुकाणूपाशी येऊन जिबचा दोर ओढायचा. कोपरा सरकत सरकत काठीच्या टोकाशी येतो आणि शीड फुगून उभे राहते. उतरवताना हेच सारे उलट्या क्रमाने करायचे.

ह्या क्रमात एक शहाणपण आहे. काठी आधी, वारा मागून. ज्याने वाऱ्याने भरलेल्या शिडाला काठी लावायचा प्रयत्न केला, त्याला काठीने समुद्रात ढकलून दिलेच म्हणून समजा. आणि वर उचलणारा दोर सैल राहिला, तर नौका कलंडताच काठीचे टोक पाण्यात बुडते आणि काठी कडकन मोडते. आपल्या भाषेत ‘आडकाठी’ हा शब्द विघ्नासाठी वापरतात. समुद्रावरची ही आडवी काठी मात्र विघ्न निवारण्यासाठी असते. पण तिचा मान राखला नाही, तर ती शब्दाचा अर्थ खरा करून दाखवते.

शिडाला काठीने रेटण्याची कल्पना कोणा एकाची नव्हे. उत्तरेकडील व्हायकिंग लोकांजवळ अशी एक काठी होती. नॉर्वेत १८८० मध्ये गोकस्टाड येथे जे जुने जहाज उकरून काढले गेले, त्यात डोलकाठीच्या पुढे खोबणी असलेले ठोकळे सापडले. काठीचा बुंधा त्या खोबणीत रोवून तिच्या टोकाने चौकोनी शिडाची वाऱ्याकडची कड ताठ धरीत असावेत, असे जाणकार मानतात. ह्या जहाजाच्या नमुन्यावर बांधलेली एक नौका १८९३ मध्ये मॅग्नस अँडरसन ह्या कप्तानाने बर्गनहून अटलांटिकपार नेली आणि न्यूफाउंडलंडचा किनारा २८ दिवसांत गाठला. ती पुढे शिकागोच्या प्रदर्शनाला गेली. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. व्हायकिंगांची काठी मात्र आपल्या काठीहून उलट्या कामाची होती. ती वारा तिरका असताना उपयोगी पडे. आपली काठी वारा पाठीशी असताना. साधन तेच, गरज निराळी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर इंग्लंडमधील धनिकांच्या शर्यतींत ही काठी पुन्हा पुढे आली. १८६५-६६ च्या सुमारास काठीवर बाहेर काढलेले एक भले मोठे, पातळ कापडाचे शीड शर्यतीच्या नौकांवर दिसू लागले. ‘नायोबी’ नावाच्या नौकेने ते प्रथम लावले आणि ‘स्फिंक्स’ नावाच्या नौकेवरून त्याला ‘स्पिनेकर’ हे नाव पडले, अशी एक कथा सांगतात. नावांच्या अशा कथा ऐकायला गोड असतात. त्यांच्यावर फार भार टाकू नये. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, ह्या नौकांवर दोर ओढायला पगारी खलाशांचा ताफा असे. तिथे काठी वेगासाठी होती. दमलेल्या माणसाचा प्रश्न त्या नौकांवर नव्हताच.

तो प्रश्न उभा राहिला, माणूस एकटा समुद्रावर जाऊ लागला तेव्हा. जोशुआ स्लोकम हा शिडांच्या जहाजांवर आयुष्य घालवलेला कप्तान. वाफेच्या जहाजांनी त्याचा धंदा बुडवला. त्याने ‘स्प्रे’ नावाची सुमारे ३७ फुटांची जुनी नौका स्वतःच्या हातांनी पुन्हा बांधली, २४ एप्रिल १८९५ रोजी बोस्टन सोडले आणि पृथ्वीला एकट्याने प्रदक्षिणा घालून २७ जून १८९८ रोजी तो न्यूपोर्टला परत आला. असे करणारा तो पहिला. ह्या प्रवासात थर्सडे बेटापासून कोकोस-कीलिंग बेटांपर्यंतचे २,७०० मैल त्याने २३ दिवसांत कापले आणि त्या सबंध काळात तो सुकाणूवर एकूण तीन तासांहून अधिक बसला नाही, असे त्याने लिहून ठेवले. पुष्कळांना ही बढाई वाटली. वास्तविक त्यात बढाई नव्हती. स्प्रेचा घाटच स्थिर होता, आणि वारा पाठीशी असता स्लोकम पुढचे शीड मधोमध ताणून बांधीत असे. नौकेचे नाक वळले की त्या शिडात वारा भरे आणि ते शीड नाकाला परत जागेवर ढकली. सामोआ बेटावर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन ह्या प्रसिद्ध लेखकाच्या पत्नीने त्याला आपल्या आवारातले बांबू तोडून नेऊ दिले होते. त्यांतला एक त्याने पुढच्या प्रवासात नाकाबाहेर काढून त्यावर जिब लावली. तेव्हा पाहा, कनातीचा बांबू इथेही आलाच!

परंतु स्प्रे ही अपवादात्मक नौका होती. इतर लहान नौका असे ऐकत नसत. त्यांच्यावर एकट्या माणसाने सुकाणूचा दांडा धरून रात्री काढाव्या, हात बधिर झाला की दांडा बांधून अर्धा तास पडावे आणि शिडाच्या फडफडीने दचकून उठावे, असाच क्रम चाले. झोपेविना माणसाला भास होतात, नकाशावरचा आकडा चुकतो, बांधायचा दोर विसरतो. समुद्र वादळाने मारतो त्याहून अधिक वेळा तो थकव्याने मारतो, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

ह्या ठिकाणी १९३० मध्ये ऑटवे वॉलर नावाचा एक आयरिश गृहस्थ पुढे येतो. ‘इमोजेन’ ह्या आपल्या लहान नौकेने तो आयर्लंडहून दक्षिणेला कॅनरी बेटांकडे एकटा निघाला. वॉलरने विचार केला की, वारा पाठीशी असता ज्या मोठ्या शिडाने एवढा घोळ होतो, ते लावावेच कशाला? त्याने मोठे शीड उतरवले आणि सारख्या मापाची दोन पुढची शिडे घेऊन दोन काठ्यांनी ती डावीकडे व उजवीकडे रेटली. दोन्ही काठ्यांची टोके किंचित पुढे झुकलेली ठेवली. इथपर्यंत झाले ते फक्त चौकोनी शिडाचे काम. पण त्याने पुढची पायरी घेतली. काठ्यांना मागून धरणारे दोर त्याने नौकेच्या कडेने मागे आणले आणि कप्प्यांवरून घेऊन सुकाणूच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी बांधले.

मग काय होते ते पाहा. नौकेचे नाक उजवीकडे वळले, तर उजव्या काठीवरचे शीड वाऱ्याला अधिक सामोरे येते आणि डावे शीड तिरके पडते. उजव्या शिडाची ओढ वाढते; उजवा दोर सुकाणूचा दांडा उजवीकडे खेचतो; आणि दांडा उजवीकडे गेला की नौका डावीकडे वळते. नाक सरळ झाले की दोन्ही ओढी सारख्या होतात आणि दांडा मध्यावर येऊन थांबतो. डावीकडे वळले तर हेच उलट बाजूने घडते. यंत्र नाही, चाक नाही, तेल नाही. जो वारा नौकेला वाट चुकवीत होता, त्यालाच वाट दाखवण्याच्या कामाला जुंपले. खलाशी बिछान्यावर पडलेला, आणि सुकाणूचा दांडा आपसूक हलतो आहे! पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला त्यात भुताटकीच दिसली असेल.

तीनच वर्षांनी, १९३३ मध्ये, मारँ-मारी ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच चित्रकाराने अशाच जोडशिडांची योजना आपल्या ‘विनिबेल’ ह्या नौकेवर केली आणि दुआर्नने बंदरातून निघून तो एकटा न्यूयॉर्कला पोहोचला. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात दिवसच्या दिवस नौका स्वतःला हाकीत राहिली. मग ही युक्ती वॉलरची की मारँ-मारीची, असा वाद करणारे लोक निघतातच. आम्हांला ह्या वादात रस नाही. एकच गरज दोन माणसांना छळत असेल आणि दोघांजवळ काठी, दोर आणि विचार करायला भरपूर एकांत असेल, तर उत्तर दोघांना सापडण्यात नवल ते कसले? शोधांच्या इतिहासात ‘पहिला कोण’ ह्यापेक्षा ‘गरज कोणाची’ हा प्रश्न अधिक शिकवून जातो.

महायुद्धानंतर ही विद्या सर्वांच्या हाती आली. एरिक आणि सुझन हिस्कॉक हे इंग्रज दांपत्य १९५२ ते १९५५ ह्या काळात ‘वाँडरर तिसरी’ ह्या ३० फुटांच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ही माणसे धनिक नव्हती, विक्रमवीरही नव्हती. आणि एरिकची दृष्टी तर मुळातच अधू होती. व्यापारी वाऱ्यांत त्यांनी जोडशिडे लावली, आणि घरी परतल्यावर दोर कुठून कसा घ्यावा हे साध्या भाषेत पुस्तकांतून लिहिले. ती पुस्तके वाचून कितीतरी सामान्य माणसे समुद्रावर गेली. विद्या गुप्त ठेवली की तिचा मंत्र होतो, वाटली की तिचे शास्त्र होते.

पण ह्या युक्तीचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर इतिहासाची आरती होईल. मोठे शीड उतरवल्यामुळे नौकेला एका अंगाचा आधार उरत नाही आणि ती लंबकासारखी डावी-उजवीकडे झुलत राहते. तीन-तीन आठवडे, रात्रंदिवस. चुलीवर भांडे ठरत नाही, झोपलेला माणूस बिछान्यात लाटण्याखालच्या पोळीसारखा फिरतो. शिवाय वारा बाजूला गेला की सारा संसार मोडून पुन्हा मांडायचा. झोप मिळाली खरी, पण ती अशी!

म्हणून शोध थांबला नाही. मारँ-मारीनेच १९३६ मध्ये यांत्रिक नौकेतून अटलांटिक परत ओलांडताना सुकाणूला वाऱ्यावर फिरणारे पाते जोडले होते. १९६० मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची पहिली शर्यत झाली, तेव्हा फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पोहोचून पहिला आला आणि ब्लाँडी हॅसलर ४८ दिवसांत पोहोचून दुसरा. दोघांच्याही नौका वाऱ्याच्या पात्यांनी हाकल्या होत्या. पाते कोणत्याही दिशेच्या वाऱ्यात चालते. जोडशिडांचे सुकाणू धरण्याचे काम त्याने घेतले. काठी मात्र गेली नाही. बांबूची होती ती अॅल्युमिनियमची झाली, पुढे कार्बनच्या धाग्यांची झाली. पण वारा पाठीशी आला की आजही खलाशी पुढे जातो, काठीचे टोक डोलकाठीच्या कडीत अडकवतो आणि जिबचा कोपरा आडोशाबाहेर रेटतो.

आणि पात्यावर तरी किती विसंबावे? ह्याचे उत्तर देणारी नौका आपल्या मुंबईत बांधलेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘सुहैली’ हे तिचे नाव. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला हे नाव देतात. ३२ फुटांची ही सागवानी नौका भारतीय सुतारांनी घडवली आणि १९६४ च्या डिसेंबरात मुंबईच्या पाण्यात सोडली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी तिच्यातून फाल्मथहून निघाला आणि कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. जगात असे प्रथमच घडले. त्या शर्यतीत नऊ जण निघाले होते. पूर्ण करणारा हा एकटा. ऑस्ट्रेलियाजवळ त्याचे पात्याचे सुकाणू मोडून पडले. परतीचा निम्म्याहून अधिक रस्ता अजून उरला होता. तेव्हा त्याने जुन्याच विद्येचा आसरा घेतला. कोणते शीड किती ताणायचे, कोणते सैल सोडायचे, हे असे जुळवले की नौका स्वतःची वाट स्वतः धरील, आणि त्याला झोप घेता येईल. स्लोकमने जे केले, वॉलरने जे काठ्यांनी साधले, तेच शेवटी कामी आले. नॉक्स-जॉन्स्टनचे नाव जगाला माहीत आहे. ज्या हातांनी ती सागवानी फळी फळीला जोडली, त्यांची नावे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

श्रोतेहो, आम्ही आज एका काठीची कथा सांगितली. तिचे तात्पर्य आम्हांला असे दिसते. जी शक्ती आपल्याला थकवते, तिच्याशी रात्रभर झुंजत बसणे हे शौर्य खरे. पण तिचा स्वभाव ओळखून तिलाच आपल्या कामाला लावणे, ह्याला शहाणपण म्हणतात. वॉलरने वाऱ्याशी कुस्ती केली नाही. वाऱ्याच्या हातात सुकाणू दिले. परंतु देण्याआधी काठी कुठे टेकवायची, दोर कुठून घ्यायचा, हे त्याने स्वतः उभे राहून जुळवले होते. न समजता सोडलेला हात म्हणजे आळस, आणि समजून सोडलेला हात म्हणजे विश्रांती. समुद्रावर हा फरक एका रात्रीत कळतो.

आणि झोपलेला तो खलाशीही पुरता झोपत नाही, हे विसरू नये. फळीला लावलेल्या कानाने तो पाण्याचा आवाज ऐकत असतो. काठीची कुरकुर बदलली, शिडाची एक फडफड चुकीच्या वेळी झाली, की तो उठून बसतो. काठी त्याच्या हाताचे काम करते. त्याच्या कानाचे नाही. उद्या संध्याकाळी वारा सुटला आणि कोणी बांबू घेऊन आमच्या कनातीशी धडपडताना दिसला, तर त्याच्याकडे जरा आदराने पाहा. तो करतो आहे त्या कामाने माणसे महासागर ओलांडून गेली आहेत.